दूरस्थ यानाच्या सारथ्याची पूर्वतयारी

२०२३ च्या ऑगस्ट महिन्याच्या २७ तारखेस चंद्राच्या दक्षिण गोलार्धात, जेथे चारच दिवसांपूर्वी विक्रम हे यान अलगद उतरले होते त्या ठिकाणापासून थोड्या अंतरावर, प्रज्ञान या २६ किलो वजनाच्या सहाचाकी गाडीपुढे तीन मीटरांवर चार मीटर व्यासाचे एक विवर आडवे आले. आणि आल्या वाटेने मागे फिरण्याचा हुकूम तिला पृथ्वीवरून पाठवण्यात आला. ही वार्ता त्या वेळी घरोघरी कौतुकाने वाचली गेली, परंतु तिच्यातील जो भाग विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा होता तो बहुतेकांच्या नजरेतून निसटला. बंगळुरूच्या नियंत्रणकक्षात कोणी गृहस्थ खेळण्यातल्या मोटारीप्रमाणे दांडा हाती धरून प्रज्ञानला वळवीत बसला नव्हता. गाडीवरच्या दोन कॅमेऱ्यांनी टिपलेली चित्रे प्रथम पृथ्वीवर आली, त्यांवरून समोरच्या भूमीचा उंचसखलपणा गणिताने मांडला गेला, त्या मांडणीकडे पाहून माणसांनी वाट ठरवली आणि मग तो हुकूम रवाना झाला. कॅमेऱ्याच्या चित्रांवरून होणारी ही मांडणी पाच मीटरांपलीकडे भरवशाची नसल्यामुळे एका हुकमात गाडीला त्याहून अधिक चालवण्याची मुभाच नव्हती. दूरच्या यानाचे सारथ्य म्हणजे मुख्यत्वेकरून नीट पाहणे आणि पाहून झाल्यावर विचारपूर्वक ठरवणे होय. आभासी वास्तवाची जी साधने आज बाजारात मिळू लागली आहेत, त्यांचा या क्षेत्रातील खरा उपयोग या पाहण्याला खोली देण्यात आहे, हात दूरवर पोहोचवण्यात नाही. हा भेद ज्याला आरंभीच उमगला त्याचा पैसा आणि वेळ, दोन्ही पुष्कळ वाचतील, आणि प्रस्तुत लेख त्याच हेतूने लिहिला आहे.

सोलापूरच्या वाचकांस या विषयाचा परिचय करून द्यावा असे वाटण्याचे कारण केवळ कुतूहलाचे नाही. ज्यांचा जन्म १८८२ साली याच नगरीत झाला त्या वालचंद हिराचंद यांच्या नावाने शेजारच्या इंदापूर तालुक्यात जे वालचंदनगर वसले, तेथील कारखान्यात इस्रोच्या प्रक्षेपकांच्या अजस्र मोटारींची पोलादी आवरणे दीर्घकाळ घडत आलेली आहेत. म्हणजे अंतराळाशी या परिसराचा संबंध धातूच्या आणि कारागिरीच्या वाटेने कधीच जुळलेला आहे. आता जो दुसरा संबंध जुळू शकतो तो नियंत्रणाच्या विद्येचा आहे, आणि त्याला लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्यांची गरज नाही. एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील किंवा तंत्रनिकेतनातील पाचसहा विद्यार्थी, एक जाणता शिक्षक, साधासा संगणक आणि गावाबाहेरचा मुरमाड जमिनीचा एक तुकडा एवढ्या सामग्रीवर या विद्येची बाराखडी उत्तम गिरवता येते. केगावच्या विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणी शाळकरी मुलांपुढे तिचे प्रात्यक्षिकही करता येईल.

सर्वप्रथम विलंबाचा विचार मनात पक्का रुजवला पाहिजे. चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटर दूर असल्याकारणाने प्रकाशाच्या गतीने निघालेला संदेशही तेथे पोहोचण्यास सुमारे १.३ सेकंद घेतो, आणि हुकूम जाऊन त्याचा परिणाम चित्ररूपाने आपल्यापुढे येईपर्यंत, यंत्रांचा व मधल्या दळणवळणाचा वेळ जमेस न धरताही, २.६ सेकंद निघून गेलेली असतात. मंगळाच्या बाबतीत हाच एकेरी प्रवास, दोन्ही ग्रहांच्या परस्परस्थितीनुसार, तीनपासून बावीस मिनिटांपर्यंतचा होतो. १९७० च्या नोव्हेंबरात सोव्हिएत संघाने चंद्रावर उतरवलेली लुनोखोद ही गाडी क्रिमियातील केंद्रातून पाच जणांचे पथक चालवीत असे. एक प्रमुख, एक चालक, एक दिशादर्शक, एक अभियंता आणि एक अँटेना सांभाळणारा, अशी त्यांची कामाची वाटणी असे. दर काही सेकंदांनी येणारे एकेक स्थिर चित्र पाहून, आधीच शिळे झालेले ते दृश्य मनात पुढे ढकलीत, या लोकांनी दहा महिन्यांत दहा किलोमीटरांहून अधिक अंतर कापले. त्याआधीच्या दशकात अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत विल्यम फेरेल याने यांत्रिक हातावर जे प्रयोग केले, त्यांत असे दिसून आले की विलंब मध्ये येताच माणूस आपणहून थोडे हलवून थांबतो, परिणाम पाहतो आणि मगच पुन्हा हलवतो. ही रीत मंद खरी, परंतु ती शहाणपणाची आहे. आणि नवशिक्यांनी तिचा कंटाळा न करता तिलाच आपला पहिला धडा मानावे.

आता आभासी वास्तवाच्या हेडसेटकडे वळू, कारण उत्साही विद्यार्थ्यांची पहिली चूक बहुधा येथेच होते. गाडीच्या माथ्यावर फिरता कॅमेरा बसवायचा, तो डोक्यावरच्या हेडसेटशी जोडायचा, आणि आपण मान वळवली की दूरचा कॅमेराही त्याच दिशेला वळेल अशी तजवीज करायची, ही कल्पना ऐकताना अत्यंत मोहक वाटते. परंतु मान वळवल्यापासून डोळ्यांपुढचे दृश्य बदलेपर्यंत सेकंदाच्या सुमारे पन्नासाव्या भागाहून अधिक काळ गेला, तर कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय एक सांगते आणि डोळे दुसरे, आणि त्या विसंवादाने माणसाला घेरी आणि मळमळ सुरू होते. २.६ सेकंदांच्या विलंबात अशी जोडणी करणे म्हणजे चालकाला काही क्षणांतच निकामी करणे होय. यास्तव नियम असा करावा की, मानेच्या हालचालीला उत्तर देण्याचे काम दूरच्या यानाकडे कधीही सोपवू नये. ते समोरच्या टेबलावरील संगणकाने करावे. यानाने पाठवलेल्या चित्रांवरून भूमीची त्रिमितीय प्रतिकृती संगणकात उभी करून ठेवावी, चालकाने हेडसेट चढवून त्या प्रतिकृतीत हवे तसे वळावे, वाकावे, दगडामागे डोकावावे, आणि यानाशी होणारा व्यवहार मात्र विचारान्ती पाठवलेल्या मोजक्या हुकमांपुरता ठेवावा. तात्पर्य, चालक जेथे वावरतो ते जग स्थानिक आणि तत्पर असले पाहिजे. विलंब जो असेल तो त्या जगाच्या वेशीबाहेर राहिला पाहिजे. ही एक गोष्ट नीट सांभाळली तरी निम्म्या अडचणी उत्पन्नच होत नाहीत.

याउपर माझा आग्रह असा की, आरंभी हेडसेट मुळीच विकत घेऊ नये. १९९७ साली मंगळावर फिरलेल्या सोजर्नर या छोट्या गाडीचा चालक ब्रायन कूपर त्रिमितीय दृश्य देणारा चष्मा घालूनच तिची वाट आखीत असे, आणि पुढेही अमेरिकेच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेत याच कामासाठी वेगवान संगणक व त्यांच्याशी तालबद्ध चालणारे चष्मे वापरण्याचा प्रघात पडला. परंतु २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे ती प्रयोगशाळा ओस पडली आणि क्युरिऑसिटी या गाडीच्या चालकांना आपापल्या घरी बसून काम करणे भाग पडले, तेव्हा ती अवजड यंत्रे घरी नेणे अशक्य झाल्यामुळे त्यांनी साधे लॅपटॉप आणि पुठ्ठ्याच्या चौकटीतले लाल-निळ्या काचांचे चष्मे यांवर निभाव केला. आणि २० मार्चला घरून आखलेला कार्यक्रम पाठवल्यानंतर दोनच दिवसांत मंगळावरील एका खडकाला ठरल्याप्रमाणे छिद्र पाडले गेले. आपल्या इस्रोनेही ५ सप्टेंबर २०२३ रोजी, प्रज्ञानच्या दोन कॅमेऱ्यांनी घेतलेल्या चित्रांवरून विक्रम यानाचे जे त्रिमितीय चित्र प्रसिद्ध केले, ते अशाच दुरंगी चष्म्यातून पाहावयाचे होते. ज्या साधनाने मंगळावर खडक फोडता येतो ते साधन कोणत्याही लेखनसाहित्याच्या दुकानातील लाल व आकाशी जिलेटीन कागदापासून घरी करता येते. मग प्रारंभासाठी कर्ज काढण्याचे प्रयोजन काय?

चित्रे घेण्याची रीत अशी. मोबाइलचा कॅमेरा तिपाईवर अथवा सपाट फळीवर ठेवून एक छायाचित्र घ्यावे, नंतर तो दिशा न बदलता उजवीकडे सुमारे साडेसहा सेंटिमीटर सरकवून दुसरे घ्यावे. हे अंतर साधारणतः माणसाच्या दोन डोळ्यांमधील अंतराएवढे असते. गिंपसारख्या विनामूल्य आज्ञावलीत डाव्या चित्रातील केवळ लाल छटा आणि उजव्या चित्रातील हिरवी व निळी छटा घेऊन ती एकावर एक ठेवली, आणि डाव्या डोळ्यावर लाल व उजव्यावर आकाशी काच येईल असा चष्मा लावला, की सपाट पडद्यावरचा दगड एकाएकी पुढे सरकल्यासारखा भासतो. दोन कॅमेऱ्यांमधील अंतर किती ठेवावे याविषयी जुन्या छायाचित्रकारांचा अंदाज असा की, सर्वांत जवळच्या वस्तूच्या अंतराचा तिसावा भाग ते असावे. याच्यापुढचा नियम मात्र अंदाजाचा नसून गणिताचा आहे आणि तो विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष मोजून पाहिलाच पाहिजे: वस्तू दुप्पट दूर गेली की तिच्या अंतराच्या मापनातील चूक चौपट होते, तिप्पट दूर गेली की नऊपट. कॅमेऱ्यांमधील अंतर वाढवले तर ही चूक त्या प्रमाणात घटते; म्हणूनच २००४ साली मंगळावर उतरलेल्या स्पिरिट व ऑपॉर्च्युनिटी या गाड्यांच्या दिशादर्शक कॅमेऱ्यांमध्ये २० सेंटिमीटर अंतर होते ते क्युरिऑसिटीत ४२ सेंटिमीटर करण्यात आले. मैदानात एक, दोन, चार व आठ मीटरांवर दगड मांडावेत, प्रत्येकाने चष्मा लावून त्यांची अंतरे आपल्या अंदाजाने लिहावीत आणि मग टेप लावून रुजवात घालावी. प्रज्ञानची धाव पाच मीटरांवर का थांबवली गेली, हे या एका सकाळच्या उद्योगातून जितके स्पष्ट होईल तितके दहा व्याख्यानांतून होणार नाही.

सकाळचा उल्लेख सहज आलेला नाही. चंद्रयान-३ मोहिमेतील विक्रम जेथे उतरले ते स्थान दक्षिण अक्षांश ६९ अंशांच्या पलीकडचे असल्यामुळे तेथे सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून वीस-बावीस अंशांहून वर चढत नाही, आणि लहानसा खडाही आपल्यामागे लांबलचक छाया टाकतो. या छायांचे लाभ आणि धोके दोन्ही आहेत. त्यांच्यामुळे उंचवटे उठून दिसतात, परंतु जो भाग छायेत बुडाला तेथे खड्डा आहे की सपाटी आहे हे कोणत्याही चष्म्याने कळत नाही. सोलापुरात मे महिन्यात सूर्य मध्यान्ही अगदी माथ्यावर येतो. त्या वेळी घेतलेल्या चित्रात सगळी जमीन सपाट, निर्जीव भासते आणि तीवर सराव करणे व्यर्थ ठरते. सूर्योदयानंतरचा पहिला दीड तास मात्र चंद्राच्या दक्षिण भागातील प्रकाशाशी पुष्कळच मिळताजुळता असतो, शिवाय बेचाळीस अंशांच्या उन्हात यंत्रे आणि माणसे दोन्ही होरपळण्यापासून वाचतात. सरावाच्या जागेची निवड करताना दख्खनच्या काळ्या पाषाणाचा झिजून झालेला मुरूम जेथे उघडा पडला आहे असा माळ शोधावा. मधूनमधून मोठे दगड, एखादी घळ आणि फावड्याने कोरलेली दोनचार वर्तुळाकार विवरे एवढी सजावट पुरे. आपला हा पाषाण आणि चंद्रावरील जे काळसर डाग आपण नुसत्या डोळ्यांनी पाहतो त्यांचा पाषाण हे दोन्ही बेसाल्ट जातीचेच आहेत, ही गोष्ट मुलांना सांगताना शिक्षकाला निश्चित आनंद वाटेल. मात्र प्रज्ञान जेथे फिरली तेथील माती निराळी, फिकट उंचवट्यांवरची आहे, हेही सांगण्यास विसरू नये. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील संतोष वडवळे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गाडीने वाटेत थांबून २३ ठिकाणी केलेल्या मापनांवरून ते दाखवून दिले आहे. गाडी चालवण्याचा हेतू गाडी चालवणे हा नसून तिला अशा तेवीस जागी सुखरूप थांबवणे हा असतो.

गाडीविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही. चार किंवा सहा चाके, रास्पबेरी पायसारखा एक लहान संगणक, शेजारीशेजारी पक्के बसवलेले दोन कॅमेरे आणि प्रज्ञानप्रमाणेच सेकंदाला एखादा सेंटिमीटर एवढी मंद गती. वेगाची हौस दुसऱ्या खेळांत भागवावी. महत्त्वाचा आहे तो विलंब निर्माण करणारा प्रोग्रॅम. प्रत्येक हुकूम रांगेत ठेवून १.३ सेकंदांनी मोटारींकडे सोडावा आणि प्रत्येक चित्रही तितकेच अडवून मग पडद्यावर आणावे, एवढे काम तो करतो व संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही तो लिहिता येतो. चालकाचा कक्ष मैदानापासून पूर्णपणे अलग हवा. खिडकीतून गाडी दिसत असेल, किंवा मैदानावरचा मित्र ओरडून इत्तला देत असेल, तर सरावाचा सारा अर्थ नाहीसा होतो.

या कक्षाचा कारभार एखाद्या जुन्या कचेरीच्या शिस्तीने चालवावा असे मी आग्रहाने सुचवतो. चालकाने हुकमाचा मसुदा लिहावा. दुसऱ्याने स्वतंत्रपणे तीच प्रतिकृती पाहून तो तपासावा. तिसऱ्याने, ज्याच्याकडे प्रमुखपद आहे त्याने, मंजुरीची सही करावी. आणि त्यानंतरच तो पाठवला जावा. नोंदवहीत हुकूम, वेळ, अपेक्षित परिणाम आणि प्रत्यक्ष परिणाम असे चार रकाने असावेत व अपेक्षेचा रकाना हुकूम पाठवण्यापूर्वी भरलेला असावा, कारण परिणाम पाहिल्यानंतर लिहिलेली अपेक्षा ही अपेक्षा नव्हे. अपेक्षित आणि प्रत्यक्ष यांतील तफावत आठवडाभर साठू दिली की गाडी डावीकडे किती ओढते, मुरमावर चाके किती घसरतात, चढावर किती मागे राहते, याचा एक विश्वासार्ह तक्ता आपोआप तयार होतो. आणि हा तक्ता पुढे संगणकातील प्रतिकृतीत घालता येतो.

आता हेडसेटची वेळ आली असे समजावे. ब्लेंडर, मेशरूम, युनिटी यांसारख्या आज्ञावली विद्यार्थ्यांना विनामूल्य मिळतात. मेशरूममध्ये मैदानाची वेगवेगळ्या कोनांतून घेतलेली साठसत्तर छायाचित्रे घातली की त्यांवरून भूमीचा त्रिमितीय सांगाडा तयार होतो, आणि तो हेडसेटमध्ये पाहण्याची व्यवस्था करणे हे आता फारसे दुर्घट राहिलेले नाही. येथे एका सापळ्याविषयी कळकळीने सावध करावेसे वाटते. दगडामागचा जो भाग कोणत्याच छायाचित्रात आलेला नाही तेथे संगणकाला काहीच माहीत नसते, परंतु अनेक आज्ञावली ती पोकळी आजूबाजूचा पृष्ठभाग ताणून गुळगुळीत बुजवून टाकतात, आणि हेडसेट घातलेल्या माणसाला तेथे निर्धोक जमीन असल्याचा साक्षात्कार होतो. साध्या पडद्यावर अशी चूक संशयाने पाहिली जाते. आभासी जगात माणूस त्या जमिनीवर स्वतः उभा असतो आणि जिच्यावर आपण उभे आहोत तिच्याविषयी संशय घेणे मनाला जड जाते. म्हणून न दिसलेला भाग प्रतिकृतीत रिकामाच ठेवावा, किंवा त्याला भडक, अनैसर्गिक रंग द्यावा. दूरच्या, कमी भरवशाच्या भागावर त्याहून निराळी छटा चढवावी. आणि अर्ध्या मीटरच्या चौकटींची जाळी जमिनीवर पसरून ठेवावी. डोळ्यांना सुखावणाऱ्या प्रतिकृतीपेक्षा आपले अज्ञान उघड करणारी प्रतिकृती श्रेष्ठ. नवनव्या प्रदर्शनांतून झगमगीत दृश्ये दाखवली जातात, तेव्हा माझ्या मनात प्रथम हाच प्रश्न येतो की, यातील किती पाहिलेले आहे आणि किती भरलेले.

दुसरी युक्ती छायागाडीची. प्रतिकृतीत खऱ्या गाडीशेजारी एक अर्धपारदर्शक गाडी ठेवावी, जी चालकाचा हुकूम तत्काळ पाळते आणि हुकूम खरोखर पाठवला तर काय घडेल ते आधीच दाखवते. खरी गाडी विलंबाने तिच्या मागोमाग येते. जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेतील अंताल बेझी यांनी १९९० च्या सुमारास ही कल्पना पुढे मांडली, आणि १९९३ मध्ये जर्मन संशोधकांनी कोलंबिया यानातील रोटेक्स या यांत्रिक हाताच्या प्रयोगात तिच्या बळावर, पाच ते सात सेकंदांचा विलंब असतानाही, तरंगणारी एक वस्तू पृथ्वीवरून हुकूम देऊन पकडून दाखवली. त्या यशाचे मर्म असे की, निर्भार अवस्थेत तरंगणारी वस्तू कोठे जाईल हे गणिताला अचूक सांगता येते. मातीविषयी गणिताला तसे सांगता येत नाही, आणि छायागाडीवर विसंबणाऱ्याने ते क्षणभरही विसरता कामा नये.

मातीचा हा मुद्दा थोडा विस्ताराने मांडला पाहिजे, कारण आभासी वास्तवाची सर्वांत मोठी मर्यादा येथे आहे. चित्रांवरून आकार कळतो. मार्दव कळत नाही. २००५ च्या एप्रिलमध्ये ऑपॉर्च्युनिटी ही गाडी मंगळावरील एका अगदी सामान्य दिसणाऱ्या वाळूच्या लाटेत रुतली आणि तिला बाहेर काढण्यास पाच आठवडे लागले. २००९ साली तिची जोडीदार स्पिरिट वरवर घट्ट भासणाऱ्या पापुद्र्याखालच्या मऊ मातीत फसली ती कायमचीच. दोन्ही वेळी चालकांपुढे उत्तम त्रिमितीय चित्रे होती. आपल्या जिल्ह्यात या धड्याची सोय निसर्गानेच करून ठेवली आहे. मुरमाच्या मैदानात एके ठिकाणी काळ्या मातीचा पट्टा पसरावा, त्याचा काही भाग कोरडा ठेवावा, काही भाग आदल्या रात्री भिजवावा आणि दोहोंवर मुरमाची पातळ चादर अंथरावी. चालकाला कोणता भाग कोणता हे सांगू नये. ज्या काळ्या रानाने पावसाळ्यात भल्याभल्या बैलगाड्या अडवल्या, त्यापुढे छोट्या चाकांचा पाड लागणार नाही. उपाय म्हणून चालकाने चित्राखेरीज दुसऱ्या साक्षींचा आधार घेण्यास शिकावे: चाके फिरली किती आणि गाडी प्रत्यक्षात सरकली किती यांतील फरक, मोटारींनी ओढलेला विद्युतप्रवाह, मागे उमटलेल्या चाकोरीची खोली. हे आकडे हेडसेटमधील दृश्यातच, चालकाला मान न वळवता दिसतील असे मांडावेत, आणि घसरण ठरावीक मर्यादेपलीकडे गेली तर हुकमाची वाट न पाहता गाडीने स्वतःहून थांबावे असा शिरस्ता तिच्या प्रोग्रॅममध्ये घालून ठेवावा.

हेडसेट वापरणाऱ्याच्या प्रकृतीची काळजी हा शिक्षकाच्या जबाबदारीचा भाग आहे. पहिल्या आठवड्यात एका बैठकीत पंधरा-वीस मिनिटांपलीकडे कोणासही तो घालू देऊ नये, घेरी वाटताच काढावा, बसूनच वापरावा आणि पंख्याची सोय असलेली खोली घ्यावी. उन्हाळ्यात हेडसेट व लॅपटॉप तापून बंद पडतात, तेव्हा महत्त्वाचा सराव दुपारी ठेवू नये. प्रत्येक वापरानंतर त्याची गादी पुसावी. काही व्यक्तींना, तिरळेपणामुळे वा लहानपणीच्या दृष्टिदोषामुळे, दोन डोळ्यांनी मिळणारी खोली जाणवतच नाही. दुरंगी चष्म्याच्या पहिल्याच चाचणीत हे उघड होते. अशा विद्यार्थ्याला मागे सारू नये. छाया, चौकटींची जाळी आणि प्रतिकृती बाजूने फिरवून पाहणे यांच्या साह्याने तो अंतराचा निर्णय घेऊ शकतो, आणि तपासनीस म्हणून तर त्याची साक्ष अधिकच मोलाची, कारण खोलीच्या भासाने तो भुलत नाही.

चंद्राच्या विलंबात हात बसल्यावर मंगळाचा सराव करावा, आणि तो बहुतांशी कागदावरचा आहे. सकाळी एकदाच चित्रे द्यायची, दिवसभरात संपूर्ण वाटचालीची हुकूमयादी लिहून तपासून घ्यायची, संध्याकाळी ती एकदम पाठवायची आणि निकाल दुसऱ्या सकाळी पाहायचा. हेडसेटचा उपयोग येथे चालवण्यासाठी मुळीच नसून चर्चेसाठी आहे. क्युरिऑसिटीच्या शास्त्रज्ञांकरिता तयार झालेल्या ऑनसाइट या प्रणालीत वेगवेगळ्या गावी बसलेले लोक मंगळाच्या एकाच प्रतिकृतीत एकत्र उभे राहून खडकांकडे बोट दाखवीत बोलू शकत, आणि त्या प्रणालीला नासाचा २०१८ चा उत्कृष्ट आज्ञावलीचा मान मिळाला. याउलट जेथे विलंब सेकंदाच्या आत येतो तेथे हाताला स्पर्श देणारी साधनेही कामास येतात. २०१५ च्या सप्टेंबरात आंद्रेयास मोगेन्सेन या अंतराळवीराने अवकाशस्थानकातून नेदरलँड्समधील यांत्रिक गाडीचा हात चालवून, अगदी घट्ट बसणारी धातूची खुंटी तिच्या भोकात बसवली. डोळ्यांना जे सापडेना ते त्याच्या दांड्यातून येणाऱ्या प्रतिकाराने त्याला सांगितले. इस्रोनेही २०२४ च्या ३० डिसेंबरला सोडलेल्या प्रक्षेपकाच्या अखेरच्या टप्प्यावर सात सांध्यांचा एक चालता यांत्रिक हात कक्षेत पाठवला होता, तेव्हा या शाखेतही आपल्याकडे काम सुरू झालेले आहे.

एवढी तयारी झालेल्या गटाने बंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रातर्फे विद्यार्थ्यांसाठी घेतल्या जाणाऱ्या रोबॉटिक्स स्पर्धेकडे लक्ष ठेवावे. २०२४ च्या स्पर्धेचा विषय अंतराळातील गाडी हाच होता. त्याचबरोबर खऱ्या सामग्रीवर हात चालवावा. ब्याळालू येथील भारतीय अंतराळ विज्ञान विदा केंद्राच्या प्रदान या संकेतस्थळावर चंद्रयान-२ व चंद्रयान-३ यांची सामग्री नावनोंदणी केल्यावर कोणासही पाहता येते, आणि चंद्रयान-२ च्या त्रिमितीय नकाशे करणाऱ्या कॅमेऱ्याची पाच मीटर बारकाव्याची चित्रे हेडसेटमध्ये विवरांचा मुलूख उभा करण्यास पुरेशी आहेत. गाडीच्या उंचीवरून पाहण्यासाठी मात्र मंगळाकडे वळावे. २०२१ च्या फेब्रुवारीत उतरलेल्या पर्सिव्हरन्स या गाडीच्या डाव्या व उजव्या दिशादर्शक कॅमेऱ्यांची कच्ची चित्रे नासा दिवसाच्या क्रमांकानुसार सर्वांसाठी खुली ठेवते. त्यांपैकी एखादा दिवस निवडावा, दोन्ही चित्रांवरून दुरंगी चित्र आणि जमल्यास प्रतिकृती करावी, आपल्या गटाने त्या दिवशी गाडी कोठून नेली असती ती वाट सही-शिक्क्यानिशी कागदावर आखावी, आणि मगच पुढच्या दिवसाची चित्रे उघडून जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेतील चालकांनी ती कोठून नेली हे चाकोरीवरून ताडून पाहावे. दोन्ही वाटा जेथे फुटतात त्या जागेचा दगड, छाया किंवा वाळूचा पट्टा शोधून काढून त्याची नोंद वहीत एक पाचवा रकाना आखून त्यात करावी.